टर्बो गाडीत जाड ऑइल टाका म्हणणारा तो फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, शाळेच्या, सोसायटीच्या आणि शेवटी घरच्या ग्रुपवर खुद्द मामांकडून. वर लाल दिव्याचं चित्र, "टर्बो गाडीवाल्यांनो सावधान", मध्ये पाच-सहा उपदेश आणि खाली जनहितार्थ. थोडक्यात म्हणणं असं, की कंपन्या मायलेज दाखवायला ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० असलं पाण्यासारखं ऑइल टाकतात, आपल्या उन्हात ते टिकत नाही आणि टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, जळतो, त्यामुळे वॉरंटी संपली की सरळ १५डब्ल्यू-४० नाहीतर २०डब्ल्यू-५० टाका. ज्याला महाग परवडतं त्याने डब्यावर फुल्ली सिंथेटिक लिहिलेलं कुठलंही घ्यावं, सगळं सारखंच असतं. ते टाकलं की २० हजार किलोमीटर बघायचं नाही, मधेच काळं पडलं तर मात्र लगेच बदलायचं. मिनरल आणि सिंथेटिक मिसळलं तर इंजिनात जेली होते. वरून अमुक एक एडिटिव, म्हणजे ऑइलमध्ये मिसळायचं रसायन, टाका. आणि गाडी बंद करायच्या आधी दर वेळी पाच मिनिटं चालू ठेवा.

मामांना फोनवर समजावायला गेलो तर ते "बरं बरं" म्हणाले आणि ठेवून दिला, म्हणून आता लिहूनच काढतो. मी काही ऑटोमोबाइल इंजिनिअर नाही, पण सहा वर्षं एका ल्युब्रिकंट डिस्ट्रिब्युटरकडे होतो आणि डब्याची मागची बाजू वाचायची सवय तिथे लागली ती अजून गेली नाही. शिवाय एक टर्बो मी स्वतःच्या हाताने घालवलाय, ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट, टर्बो म्हणजे काहीतरी नवीन आलंय असं त्या मेसेजमध्ये गृहीत धरलंय. अहो, २००७ ला स्विफ्ट डिझेल आली तेव्हापासून निम्मा महाराष्ट्र टर्बो चालवतोय, आपल्या रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात तेच १.३ मल्टिजेट इंजिन बनायचं, आणि तेव्हा कुणी त्याला टर्बो म्हणत नव्हतं, डिझेलचा पिकअप म्हणायचे. नवीन आहे ते छोटं टर्बो पेट्रोल, एक लिटर, सव्वा लिटर, बहुतेक तीन सिलिंडरचं, पोलो जीटी टीएसआय २०१३ ला आली, नेक्सॉन २०१७ ला, व्हेन्यू २०१९ ला, आणि मग लाइनच लागली. डिझेलच्या टर्बोचा अनुभव पेट्रोलला जसाच्या तसा लावला की गडबड होते, आणि तो मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेच केलंय.

आता मुख्य मुद्दा, जाड ऑइलचा. हा मी जरा सावकाश घेणार आहे कारण यात अर्धं सत्य आहे, आणि अर्धं सत्य खोडायला पूर्ण खोट्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. वेट नव्हे. काउंटरवर बसणारेसुद्धा वेट म्हणतात. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज हलतं त्याचा, दुसरा आकडा १०० डिग्रीला ते किती जाड राहतं त्याचा. एसएई या इंजिनिअरांच्या संघटनेचा जे३०० नावाचा तक्ता आहे त्यात हे बांधून दिलंय, १०० डिग्रीला २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक), ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. आता पाणी बघा, साध्या नळाचं पाणी २० डिग्रीला साधारण १ सेंटिस्टोक असतं आणि उकळायला लागलं की ०.३ च्या आसपास येतं. म्हणजे ते "पाण्यासारखं" ०डब्ल्यू-२० इंजिन पूर्ण तापल्यावरसुद्धा तेवढ्याच गरम पाण्याच्या पंचवीस-तीस पट जाड आहे. बोटांत धरून बघितलं तर पातळ वाटतं हे खरं, पण बोटांनी बेअरिंगचं काम होत नाही.

दुसरं, "आपलं ऊन". चंद्रपूरला मे महिन्यात ४६ डिग्री असतं आणि महाबळेश्वरला जानेवारीत पहाटे ८-१०, फरक ३६-३८ डिग्रीचा, पण इंजिनातल्या ऑइलमध्ये एवढा फरक पडत नाही. थर्मोस्टॅट कशाला बसवलाय मग? कूलंट ९० च्या आसपास धरून ठेवायचं हेच त्याचं काम, आणि चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठणारं, ऑइल साधारण ९५ ते ११० मध्ये फिरतं, घाटात पाच माणसं, एसी आणि डिकी भरून चढवली तर १२० पर्यंत जातं. बाहेर ऊन जास्त असेल तर रेडिएटरला मेहनत जास्त पडते, थोडाफार आकडा वर जातो, पण बाहेरच्या ४६ ने आतल्या १०० चे १४६ होत नाहीत. ज्या देशांत हे पातळ ऑइल वापरतात तिथेही इंजिन ९० लाच चालतं.

बाहेरच्या हवेने खरा फरक पडतो तो सकाळी चावी फिरवल्यावर. ४० डिग्रीला ५डब्ल्यू-३० साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक असतं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर, आणि ४० डिग्री म्हणजे भर दुपार झाली, निफाडला डिसेंबरात पहाटे पाच डिग्री असतं तेव्हा काय होत असेल विचार करा. लोक म्हणतात जाड ऑइलने प्रेशर चांगलं येतं. येतंच. पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. जाड ऑइल असलं की पंपावर प्रेशर पटकन चढतं, जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व उघडतो आणि त्यातलं बरंचसं ऑइल परत चेंबरमध्ये पडतं, वर बारीक पाइपाच्या टोकाला बसलेला टर्बो मात्र वाट बघत राहतो. टर्बोचा शाफ्ट साध्या बॉल बेअरिंगवर नाही, बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, आणि छोटा टर्बो जोरात असताना मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. त्या थराला ऑइल वेळेवर पोचणं महत्त्वाचं. त्याशिवाय आजच्या इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर, व्हॉल्व टायमिंग बदलणारी यंत्रणा, हे सगळं त्याच ऑइलच्या जोरावर चालतं, त्यांच्या वाटा बारीक असतात, आणि त्या ठरवताना २०डब्ल्यू-५० कुणी डोळ्यासमोर ठेवलेलं नसतं.

आता अर्ध्या सत्याबद्दल. पातळ ऑइल आलं ते मुख्यतः मायलेज आणि धुराच्या नियमांसाठीच, यात मेसेजवाला चुकला नाहीये. आणि टर्बोच्या बेअरिंगमध्ये, क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर तुटू नये ही काळजीही रास्त आहे. पण त्या काळजीचं उत्तर पुढच्या मोठ्या आकड्यात नाही, ते एचटीएचएस नावाच्या आकड्यात आहे. १५० डिग्रीला, जोरात घासलं जात असताना ऑइल किती जाड राहतं ते यात मोजतात. आणि इथे गंमत आहे. दोन डबे घ्या, दोन्हीवर मोठ्या अक्षरात ५डब्ल्यू-३०. एकाच्या मागे एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी२ किंवा ए५/बी५ लिहिलंय, त्याचा एचटीएचएस २.९ पासून सुरू. दुसऱ्याच्या मागे सी३ किंवा ए३/बी४, त्याचा किमान ३.५. पुढून दोन्ही डबे एकसारखे, गिऱ्हाईक स्वस्तातला उचलतं. ज्या युरोपियन टर्बो इंजिनला ३.५ वालं सांगितलंय त्यात २.९ वालं गेलं तर ग्रेड बरोबर आणि ऑइल चुकीचं. तर जाडीची काळजी करायचीच असेल तर अशी करा ना.

आणि हो, पुष्कळ मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड नसतो, तापमानाचा तक्ता असतो, त्यात ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० पण दिलेलं असतं. तुम्ही नागपूर-अमरावतीकडे असाल, हायवेवर दणकून चालवत असाल आणि तुमच्या तक्त्यात ४० बसत असेल तर खुशाल टाका, मीसुद्धा टाकेन. तक्त्यात २०डब्ल्यू-५० नसेल तर नाही. दोन लाख किलोमीटर झालेलं, ऑइल पिणारं जुनं साधं इंजिन असेल तर जाड टाकून दिवस काढतात, ती वेगळी गोष्ट आहे, ते मरायला टेकलेल्या इंजिनाचं औषध आहे.

आता "फुल्ली सिंथेटिक लिहिलंय ना, मग कुठलंही चालतं" या मुद्द्याकडे येऊ. माझ्या मते पूर्ण मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच.

सिंथेटिक हा शब्द म्हणजे काही आयएसआयचा शिक्का नाही. बेस ऑइलचे पाच गट मानतात, त्यातला चौथा गट म्हणजे पीएओ, प्रयोगशाळेत रेणू जोडून बनवलेलं, त्यालाच पूर्वी सिंथेटिक म्हणायचे. तिसरा गट म्हणजे कच्च्या तेलापासूनच पण हायड्रोजनने खूप कडक प्रक्रिया करून शुद्ध केलेलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या विरोधात तक्रार केली, की हे तिसरा गट वापरून डब्यावर सिंथेटिक लिहितात. जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या तिथल्या संस्थेने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला, आणि तेव्हापासून जगभर तिसऱ्या गटाचं ऑइलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. जर्मनीत अजून त्या शब्दाबद्दल काटेकोर आहेत. आता तिसरा गट वाईट आहे का, तर अजिबात नाही, चांगली ऑइलं त्यातून बनतात. मुद्दा एवढाच की त्या शब्दावरून तुम्हाला फारसं काही कळत नाही. डब्याची पुढची बाजू विकणाऱ्यासाठी असते, वाचायची ती मागची.

मागे काय बघायचं? पेट्रोल टर्बो असेल तर एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, अक्षरं. एसएन २०१० ची. २०१८ ला एसएन प्लस आलं, मे २०२० ला एसपी, आणि मार्च २०२५ पासून एसक्यू. हे नुसतं अक्षर पुढे सरकवणं नाहीये. एसएन प्लस आणलं ते खास छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांच्या एका दुखण्यासाठी, एलएसपीआय. कमी आरपीएमला जास्त लोड पडला की सिलिंडरमध्ये स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं, पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट. एखाद्याच झटक्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते, आणि आधी कसली सूचना मिळत नाही. संशोधनात निघालं काय, तर ऑइलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट याला कारणीभूत होतं, सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइलचे थेंब पेट्रोलबरोबर मिसळून आत उडतात आणि तिथून ठिणगी पडते. म्हणून नव्या ऑइलांत कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम घातलं. एसपीमध्ये याची इंजिनावर चाचणी आहे आणि टायमिंग चेनच्या झिजेचीही आहे.

आता यात आपली सवय जोडा. मायलेजसाठी लवकर वरचा गिअर टाकायचा आणि पाचव्यात ४० च्या स्पीडला पुढचा टेम्पो दिसला की गिअर न बदलता एक्सलेटर दाबायचा, गाडी गुरगुरत कशीबशी उचलते. वडिलांनी शिकवलंय ना तसं. साध्या इंजिनात खपून गेलं, छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये एलएसपीआयला यापेक्षा चांगलं आमंत्रण नाही. आणि वरून मेसेजमधला सल्ला ऐकून त्यात कुणी १५डब्ल्यू-४० ओतलं तर? आपल्याकडे १५डब्ल्यू-४० म्हणजे बहुतेक वेळा ट्रक, ट्रॅक्टर, पिकअपसाठीचं डिझेलचं ऑइल, सीआय-४ वगैरे, ज्यात कॅल्शियम भरपूर असतं कारण डिझेलच्या काजळीशी आणि आम्लाशी लढायचं असतं. ते ट्रॅक्टरसाठी उत्तमच आहे. पण ज्या गोष्टीपासून टर्बो पेट्रोलला वाचवायला एवढा खटाटोप केला तीच गोष्ट आपण आपल्या हाताने ओतली.

डिझेलवाल्यांनीही हसू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ बसलाय, सायलेन्सरच्या वाटेतली काजळी पकडणारी जाळी म्हणा. काजळी ती जाळून टाकते, पण ऑइलमधल्या धातूंची जी राख होते ती जळत नाही, तिथेच साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल, एसीईए सी३ असेल तर सल्फेटेड राख जास्तीत जास्त ०.८ टक्के. जुन्या डिझेलचं उरलेलं अर्धं कॅन पडलंय म्हणून त्यात टाकायचं नाही, डीपीएफची किंमत एकदा शोरूमला विचारून या मग कळेल.

कंपनीचाच शिक्का असलेलं ऑइल लागतं का, असं लगेच कुणीतरी विचारणार. मॅन्युअलमध्ये ग्रेड आणि स्पेसिफिकेशन दिलेलं असतं, उदाहरणार्थ फोक्सवॅगनचे ५०२ ००, ५०४ ०० असे स्वतःचे नंबर आहेत, तो नंबर ज्या डब्यावर मंजूर म्हणून छापलाय तो चालतो, ब्रँड कुठलाही असो. फक्त "साठी योग्य" आणि "मंजूर" यात फरक आहे, पहिलं ऑइल बनवणारा स्वतःच म्हणतो, दुसरं गाडी बनवणाऱ्याने तपासून दिलेलं असतं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका असं स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड करताना सांगितलं होतं, प्रकरण पुढे अपिलात गेलं. व्यवहारात माझा सल्ला विचाराल तर वॉरंटीत असेपर्यंत बिल आणि डब्याचा फोटो ठेवा, भांडायची वेळ आली तर कागद बोलतो.

२० हजार किलोमीटरचा मुद्दा. ही जर्मनीच्या हायवेवरची गोष्ट कुणीतरी ऐकलेली असणार. आपल्याकडच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक १० हजार किंवा १५ हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं, आणि त्याच्या पुढच्या पानावर एक बारीक तक्ता असतो जो कुणी वाचत नाही, धूळ, जवळचे फेरे, थांबत थांबत चालणं असेल तर याच्या आधी बदला. म्हणजे काय तर पुणे. हिंजवडीला जाणारा माणूस १५ किलोमीटरला सव्वा तास लावतो, म्हणजे ताशी १२ चा सरासरी वेग, १० हजार किलोमीटर होईपर्यंत त्याचं इंजिन ८३३ तास चाललेलं असतं. साताऱ्याहून कोल्हापूरला ६० च्या सरासरीने जाणाऱ्याचं तेवढ्याच किलोमीटरला १६७ तास. ओडोमीटर दोघांचा सारखा, ऑइलचं वय पाचपट वेगळं. किलोमीटर मोजताना हे कुणी धरतच नाही.

आणि दोन किलोमीटरवर भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला जी गाडी वापरतात तिचं अजून वेगळं. इंजिन पूर्ण तापत नाही, डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या, टर्बोमध्ये थोडं पेट्रोल रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं, पाण्याची वाफही उतरते, आणि ते उडून जायला जेवढं तापावं लागतं तेवढं ऑइल तापतच नाही. डीपीएफच्या डिझेलमध्ये रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळायचं काम, अर्धवट राहिलं की डिझेल खाली उतरतं. कधी ऑइलची पट्टी काढून बघितली आणि लेव्हल मागच्या महिन्यापेक्षा वर गेलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल वाढत नसतं, त्यात इंधन आलंय. पट्टीचा वास घ्या, कळेल. अशा गाडीला ५ ते ७ हजार किंवा सहा-आठ महिने, माझं तरी हेच मत आहे, भले कुणी मला खर्चिक म्हणो.

काळं पडलं म्हणजे खराब झालं, हेही नाही. डिझेलमध्ये नवं ऑइल टाकून पन्नास किलोमीटर गेलात तरी काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं काम आहे, ते काम करतंय म्हणून काळं दिसतंय. उलट मधासारखं सोनेरी दिसणाऱ्या ऑइलमध्ये पाच टक्के पेट्रोल असू शकतं. रंगावरून फक्त एक गोष्ट कळते, चहासारखं पांढरट दुधाळ झालं असेल तर पाणी किंवा कूलंट आलंय, तेव्हा मात्र गाडी चालवू नका.

जेलीवर जास्त लिहीत नाही. एपीआयची मान्यता घेणाऱ्या प्रत्येक ऑइलला दुसऱ्या ऑइलांत नीट मिसळतं हे चाचणीत दाखवावं लागतं. सेमी सिंथेटिक म्हणजे तरी काय, मिसळलेलंच ना? रस्त्यात लेव्हल कमी झाली आणि पंपावर दुसऱ्या ब्रँडचं मिळालं तर घाला, कमी ऑइलवर टर्बो चालवण्यापेक्षा शंभर पटीने बरं. मिसळल्यावर चांगल्या ऑइलचे गुण पातळ होतात एवढंच. सिंथेटिकने सील गळतात ही गोष्ट जुन्या काळची आहे, नुसतं पीएओ रबरी सील थोडं आकसवायचं, आता त्यात सील फुगवणारे घटक घालून तोल साधलेला असतो. एडिटिवच्या बाटलीबद्दल तर एकच सांगतो, ऑइलमध्ये एडिटिवचं पॅकेज आधीच मोजून घातलेलं असतं, फॉस्फरससुद्धा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून मर्यादेत ठेवतात, तुम्ही वरून अजून ओतणं म्हणजे आईने चव घेऊन उतरवलेल्या आमटीत पाहुण्याने मीठ टाकणं.

पाच मिनिटं चालू ठेवायचा मुद्दा मात्र मला जवळचा आहे, कारण टर्बो घालवलाय तो मी इथेच.

पेट्रोल टर्बोच्या एका बाजूला ९०० ते १००० डिग्रीचा धूर जात असतो, डिझेलला थोडा कमी. इंजिन चालू असेपर्यंत ऑइल मधल्या भागातून उष्णता घेऊन खाली जात राहतं. चावी फिरवली की पंप बंद, ऑइल जागच्या जागी थांबलं आणि गरम लोखंडाची उष्णता त्यात शिरायला लागली, मग ते तिथेच करपतं. सावंतवाडीकडून आंबोली घाट तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवायचा, धबधब्यापाशी गर्दी बघून गाडी बाजूला घ्यायची आणि त्याच सेकंदाला बंद करून कणीस खायला उतरायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं. माझी जुनी डिझेल हॅचबॅक होती, ऑइल स्वस्तातलं २०डब्ल्यू-५०, आणि बदलायचं १८-२० हजाराला, कारण काळं तर पहिल्या दिवशीच व्हायचं मग घाई कसली. सव्वा लाखाच्या आसपास पिकअप गेला, एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, मग निळा धूर. मेकॅनिकने टर्बोला ऑइल नेणारा पाइप सोडवला आणि त्याचा बँजो बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. त्या बोल्टाला आडवं भोक असतं, मोहरी जाईल एवढं. त्यात काळं कडक काहीतरी बसलेलं, तव्याला करपलेल्या दुधासारखं, त्याने टाचणी घातली तर टाचणी वाकली. म्हणाला, "साहेब, याच्यातून ऑइल जायचं कसं?" मग टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून दाखवला, खालीवर टकटक वाजत होता. दोष ना गाडीचा ना त्याचा, सगळा माझा. वर्षाला वाचवलेले हजार-बाराशे रुपये एका बिलात व्याजासकट गेले.

तरीसुद्धा पाच मिनिटांचा नियम चुकीचाच आहे. ऑफिसमधून सिग्नल सिग्नल करत घरी आलात, पार्किंगमध्ये २० च्या स्पीडने फिरून गाडी लावलीत, तेवढ्यात टर्बो थंड झालेला असतो, बंद करा आणि जा. घाट चढून किंवा हायवेवर १२० ने येऊन थेट थांबणार असाल तेव्हा शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश घ्या, नाहीतर थांबून मिनिटभर चालू ठेवा. पुष्कळ नव्या पेट्रोल टर्बोत मधला भाग पाण्यानेही थंड होतो, कूलंटचा छोटा इलेक्ट्रिक पंप गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ घोंगावत राहतो, ते ऐकून घाबरून शोरूमला फोन करणारेही आहेत. आणि सिंथेटिकचा खरा फायदा टर्बोला कशात, तर इथे, ते करपायला जास्त वेळ लागतो. पण वेळ लागतो म्हणजे करपतच नाही असं नव्हे.

जाता जाता एक, मेसेजमध्ये नसलेलं. ऑइल बरोबर निवडलं आणि डबा नकली निघाला तर वरचं सगळं वाया. रिकामे डबे भंगारवाला विकत घेतो ते उगाच नाही. डिस्ट्रिब्युटरकडे होतो तेव्हा धुऊन पुसून परत भरलेले डबे मी डोळ्यांनी बघितलेत, सील इतकं सफाईदार की आम्हीच चक्रावलो, बॅच नंबर सगळ्या डब्यांवर एकच होता त्यावरून पकडलं. गॅरेजमध्ये समोर उभं राहून ओतून घ्या आणि रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडून मगच सोडा. मेकॅनिक एकदा तिरका बघेल, मग सवय होते त्याला.

हे सगळं लिहून झाल्यावर मामांना पाठवलं. त्यांनी वाचलं की नाही माहीत नाही, पण अंगठा आला आणि मागोमाग प्रश्न, "मग माझ्या गाडीला कुठलं टाकू ते एका ओळीत सांग." मी म्हटलं मॅन्युअलमधल्या ऑइलच्या पानाचा फोटो पाठवा. चार दिवस झाले. डॅशबोर्डच्या कप्प्यातून आत्तापर्यंत दोन संपलेल्या पीयूसी, फास्टॅगचं पाकीट, गणपतीपुळ्याची पार्किंगची पावती आणि मामींचा हरवलेला चष्मा निघालाय, मॅन्युअलचा शोध अजून चालू आहे.